पोकरणची हजेरी

“एक नंबर?” असं कुणीतरी म्हणालं आणि पाच जणांनी एकदम एकच नाव घेतलं. “दोन नंबर?” पुन्हा एक नाव. जानेवारीतली दुपार होती. पोकरण गावातल्या कुंभारवाड्यात, एका कुंभार वर्गमित्राच्या अंगणात आम्ही साठी ओलांडलेले सहा जण दोन खाटांवर बसलो होतो. माझ्या मांडीवर शंभर पानी वही होती. 1975-76 सालच्या आठवीच्या वर्गाची हजेरी पाठ म्हणत आम्ही सतरापर्यंत न अडखळता पोचलो. अठरावा नंबर आला आणि सगळे थांबले.

मी वहीत 18 आकडा लिहिला आणि पुढची ओळ कोरी सोडली.

मी मूळचा कराड तालुक्यातला. वडील केंद्रीय भूजल मंडळात ड्रिलर होते. 1972 च्या उन्हाळ्यात त्यांची बदली राजस्थानात, जैसलमेर जिल्ह्यातल्या पोकरणला झाली आणि पाचवी ते आठवी ही चार वर्षं मी तिथल्या सरकारी शाळेत शिकलो. पुढे आम्ही गावी परतलो. मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात लिपिक म्हणून लागलो आणि छत्तीस वर्षं तेच काम केलं. जनरल रजिस्टर लिहिणं, हजेरीपट तपासणं, शाळा सोडल्याचे दाखले देणं, यात माझी नोकरी गेली. नावांच्या याद्या हाच माझा धंदा. म्हणून आज एका यादीबद्दल लिहितो आहे.

पोखरण म्हटलं की मराठी वाचकाला दोन तारखा आठवतात. 18 मे 1974 आणि 11 मे 1998. दोन्ही अणुचाचण्यांत आपले डॉ. अनिल काकोडकर होते, हेही अनेकांना माहीत असतं. पण त्या गावात राहणारी माणसं गावाचं नाव ‘पोकरण’ असं लिहितात आणि चाचण्यांच्या आधी त्याला काही शतकांचं आयुष्य होतं. लाल दगडाचा किल्ला आहे, त्याला बालागढ म्हणतात. मारवाडच्या चांपावत राठोड ठाकुरांचं हे ठिकाण. जोधपूरहून जैसलमेरला जाणारी गाडी पोकरणला थांबते तेव्हा इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडावं लागतं, आणि गाडी आली त्याच तोंडाने बाहेर पडते. आमच्या वर्गातल्या केबिनमनच्या मुलाला ही इंजिनाची फिरवाफिरव रोज बघायला मिळायची. त्याच्याबरोबर स्टेशनवर जायला मिळावं म्हणून आम्ही त्याची गणितं सोडवून द्यायचो. गावाची चमचम ही मिठाई साऱ्या मारवाडात नावाजलेली. भादव्यात रामदेवऱ्याच्या जत्रेला पायी जाणाऱ्यांची रांग गावातून दिवसरात्र वाहायची. हातात कापडाचे घोडे, पायांना फोड, तोंडी रामसा पीराचा, म्हणजे लोकदैवत रामदेव बाबांचा, जयजयकार. माझी आई उंबऱ्यावर उभी राहून हात जोडायची. वारीला मुकलेल्या त्या बाईला चार वर्षं त्या वाटेनेच आधार दिला.

आम्ही गेलो तेव्हा 1971 चं युद्ध संपून काही महिनेच झाले होते. आमच्या भाड्याच्या घरातल्या खिडकीच्या काचांना ब्लॅकआऊटसाठी चिकटवलेला काळा कागद तसाच होता. आईने तो ओल्या फडक्याने खरवडून काढला. आमच्या अभ्यासाच्या वह्यांना तिने त्याच कागदाचे तुकडे घातले होते, हे मी विसरून गेलो होतो. अंगणातल्या बैठकीत एका मित्राने आठवण करून दिली. “थारी काळी कॉपी,” तो म्हणाला. तुझी काळी वही. माझ्या आईच्या हातची एक गोष्ट पन्नास वर्षं त्याने सांभाळली होती. मी ती विसरलो होतो.

शाळासोबत्यांपाशी काय असतं, ते मला त्या एका वाक्याने कळलं. आपल्या घरातलं जे आपण हरवतो, ते त्यांच्याकडे राहिलेलं असतं. गावाच्या बाबतीतही तसंच आहे.

18 मे 1974 चा दिवस घ्या. शनिवार होता, परीक्षा संपल्या होत्या. सकाळी 8 वाजून 5 मिनिटांनी गावापासून काही कोसांवर जमिनीखाली स्फोट झाला. वडिलांच्या ट्रान्झिस्टरवर बातमी आली ती पश्चिम भारतात चाचणी झाल्याची. गावाचं नाव नव्हतं. ते आपलंच गाव, हे संध्याकाळपर्यंत बाजारात पसरलं. आता अंगणात बसून आम्ही त्या सकाळची उजळणी केली तर सहा जणांच्या सहा तऱ्हा निघाल्या. एक म्हणाला, माठातलं पाणी हललं. दुसरा म्हणाला, काहीसुद्धा जाणवलं नाही, आपण गोट्या खेळत होतो. तिसऱ्याला आठवतो तो रस्त्याने धुरळा उडवत गेलेला लष्करी गाड्यांचा ताफा. कोण बरोबर, हे ठरवायला मी तिथे गेलो नव्हतो. सहाही जणांचं म्हणणं मी त्यांच्या त्यांच्या नावापुढे लिहिलं.

हे लिहिण्याचं वळण मला वडिलांनी लावलं. त्यांच्या कामाच्या जागी मी सुट्टीत जायचो. रिगचा खडखडाट, बेंटोनाइट कालवलेल्या चिखलाचं डबकं, आणि एका बाजूला गोणपाटावर ओळीने मांडलेल्या मातीच्या ढिगल्या. ठरावीक खोलीनंतर वर आलेली माती, वाळू, खडी ते मुठीने काढून ठेवत. प्रत्येक ढिगलीखाली खोलीची चिठ्ठी. पिवळी वाळू, मग तांबूस, मग राखाडी चिकणमाती, मग पुन्हा वाळू. संध्याकाळी ते सगळं एका फॉर्मवर उतरवत. त्याला लॉग म्हणत. एकदा बोअर कोरडी गेली. पाणी नाही, मग आता कशाला लिहिता, असं मी विचारलं. ते म्हणाले, “पाणी लागो न लागो, लॉग लिहायचाच. पुढं येणाऱ्याला कळलं पाहिजे, इथं खाली काय आहे.”

पुढे अनेक वर्षांनी मी वाचलं की 1974 च्या चाचणीसाठी लष्कराच्या इंजिनिअरांनी खोदलेल्या पहिल्या विवराला पाणी लागलं होतं, म्हणून ते सोडून त्यांना कोरडी जागा शोधावी लागली. शेवटी शंभर मीटरहून खोल विवर खणलं गेलं. त्याच मुलखात, त्याच काळात, माझे वडील पाण्यासाठी जमीन धुंडाळत होते. ज्यांना पाणी नको होतं त्यांच्या खोदकामाचा इतिहास आज पुस्तकांत आहे. तो असायलाच हवा. पण पाणी हवं असलेल्यांचा इतिहास गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे, आणि ती माणसं एकेक करून जात आहेत.

पाण्याचा हा इतिहास मी प्रथम ऐकला तो एका वर्गमित्राच्या आजीकडून. त्यांच्या अंगणात टांका होता. टांका म्हणजे जमिनीत खोदून चुन्याने लिंपलेली गोल टाकी. भोवती उताराचं अंगण, त्याला आगोर म्हणतात. पावसाळ्याआधी आगोर झाडून लख्ख करायचं, त्यावर चप्पल घालून जायचं नाही, जनावर फिरकू द्यायचं नाही. पडेल तो थेंब उताराने टाक्यात उतरायचा. टाक्याच्या झाकणाला कुलूप असायचं आणि किल्ली आजीच्या ओढणीच्या टोकाला. आंघोळीला बसायचं ते खाटेवर, खाली परात. परातीतल्या पाण्यात कपडे, कपड्यांचं पाणी पुन्हा वासरासाठी. मी एकदा हात धुताना पाणी सांडलं, तर आजी ओरडली नाही. तिने फक्त किल्ली माझ्यासमोर धरली आणि छपनियाची गोष्ट सांगितली. विक्रम संवत 1956, म्हणजे इसवी सन 1899-1900 चा दुष्काळ. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. खेजडीची साल वाळवून, दळून, तिच्या भाकरी खाल्ल्याचं तिने सांगितलं. दाराशी खेजडीचं झाड होतं, त्याच्या बुंध्यावरून हात फिरवत ती बोलत होती. त्या झाडाला आपण शमी म्हणतो आणि दसऱ्याला पुजतो. मी त्या दिवसापासून शमीला वेगळ्या नजरेने बघतो.

त्या आजीचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही. तिच्या नातवाला ते ठाऊक आहे. आता माझ्या वहीतही आहे.

खेतोलाईहून शिकायला आलेला एक बिश्नोई मुलगा गावात मामाकडे राहायचा. खेजडीच्या झाडावर कुणी कुऱ्हाड उचलली तर याच्या डोळ्यांत पाणी यायचं. जोधपूरजवळच्या खेजडली गावात 1730 मध्ये झाडं वाचवताना 363 बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, ही गोष्ट त्याने आम्हाला सांगितली होती, आणि ती अशी सांगितली होती की गेल्या आठवड्यात घडली असावी. त्यानेच आम्हाला गोडावण दाखवला. हा म्हणजे आपला माळढोक. सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य झालं, तो. उंच मानेचा तो पक्षी सेवण गवतातून अगदी संथ चालत गेला होता. आज जगात माळढोक फार थोडे उरले आहेत आणि त्यांना वाचवण्यासाठी रामदेवऱ्याला प्रजनन केंद्र उभं आहे. आम्ही शाळकरी पोरांनी त्याला पायी जाऊन पाहिलं होतं, ही सुद्धा एक नोंदच आहे.

या मित्राचं गाव चाचणीच्या जागेपासून जेमतेम पाच किलोमीटरवर. 11 मे 1998 ला, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, जवानांनी येऊन लोकांना घराबाहेर मोकळ्यावर थांबायला सांगितलं. दुपारी पावणेचारच्या सुमाराला जमीन हादरली. काही घरांच्या भिंतींना आणि टाक्यांना तडे गेले. “दिल्लीत पेढे वाटत होते तेव्हा मी टाक्यात उतरून तडा शोधत होतो,” तो म्हणाला. लगेच पुढे म्हणाला, “पण लिही, अभिमानही वाटला होता. दोन्ही लिही.” ही दोन्ही वाक्यं मी एकाखाली एक लिहिली. देशाचा इतिहास त्या दिवसाचं एक वाक्य सांगतो. दुसरं वाक्य सांगायला टाक्यात उतरलेला माणूसच लागतो.

आमचे इतिहासाचे माटसाब, म्हणजे मास्तर, हे समजून होते. वर्गातली मुलं मला ‘दखणी’ म्हणत. मराठी फौजांची मारवाडातली जुनी ओळख तीच. एकदा त्यावरून मारामारी झाली. माटसाबांनी शिक्षा केली नाही. फळ्यावर दोन सालं लिहिली. 1755 आणि 1808. पहिल्या साली जयाप्पा शिंदे यांना नागौरला दग्याने मारलं, मारवाडच्या महाराजा विजयसिंहाच्या बाजूने. दुसऱ्या साली पोकरणचे ठाकूर सवाईसिंह यांना नागौरजवळच दग्याने मारलं, होळकरांचा जुना साथीदार अमीरखान याने. “आता सांगा, कुणी कुणाला काय म्हणायचं?” त्यांनी विचारलं. ज्याच्याशी मारामारी झाली तो मुलगा किल्ल्याशेजारच्या घरातला होता. त्या संध्याकाळी त्याने मला किल्ल्याच्या भिंतीपाशी नेऊन घरून आणलेली चमचम दिली. जयाप्पांचं नाव मी मराठी पुस्तकात नंतर वाचलं. मला ते आधी भेटलं पोकरणच्या फळ्यावर, आणि सवाईसिंहांच्या नावाशेजारी. म्हणून मला तो इतिहास कधी एका बाजूने वाचता आला नाही.

सगळ्या आठवणी गोड नाहीत. रामदेवऱ्याच्या वाटेवरच्या वस्तीतला एक मेघवाळ मुलगा आमच्या वर्गात होता. त्याचे वडील रात्रीच्या जम्म्यात, म्हणजे जागरणात, तंदुऱ्यावर रामदेव बाबांची भजनं म्हणायचे. गाव तल्लीन होऊन ऐकायचं. त्याच गावातल्या काही घरी या मुलाला पाणी प्यायला भांडं मिळत नसे. तो ओंजळ करी आणि वरून पाणी ओतलं जाई. आम्ही शेजारी उभे राहून आपापल्या पेल्याने पीत असू. मी हे विसरलो नव्हतो, पण कधी बोललोही नव्हतो. अंगणातल्या बैठकीला तो आला होता. निवृत्त शिक्षक आहे. कुंभाराच्या सुनेने पाणी आणलं, त्याने पेला हातात घेतला, सगळ्यांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “ओंजळीचं लिहिलंस का?” मी नव्हतं लिहिलं. त्याच्यासमोर लिहिलं, आणि त्याला वाचून दाखवलं. त्याच्या नावापुढे आता ते आहे. वर्गाची आठवण काढायची आणि हे वगळायचं, तर तो इतिहास खोटा ठरेल.

आणि अठरावा नंबर. त्या हजेरीत एकूण 41 नावं होती. त्यात चार मुली. मुलांची नावं वडिलांच्या धंद्यासकट सगळ्यांना आठवत होती. मुलींपैकी दोघींची फक्त हाक मारायची नावं आठवली, एकीचं घर आठवलं, आणि अठराव्या नंबरची मुलगी कशी दिसायची एवढंच. तिला पाढे एकोणतीसपर्यंत पाठ होते. आठवीनंतर तिचं लग्न झालं, असं एकाला वाटतं. कुठल्या गावी दिली, कुणालाच माहीत नाही. कुंभाराची बायको आतून ऐकत होती. ती दारात आली आणि म्हणाली, “बायकांना विचारा. पुरुषांना काय ठाऊक?” दुसऱ्या दिवशी तिने तीन घरी निरोप पाठवले. मी परत निघेपर्यंत उत्तर आलं नव्हतं. पण रस्ता तोच आहे, हे मला पटलं. आपल्याकडेही माजी विद्यार्थ्यांच्या याद्या होतात तेव्हा मुली अशाच गळतात. आडनाव बदलतं, कधी नावही बदलतं, आणि यादी करणारे आम्ही पुरुष ‘पत्ता लागत नाही’ म्हणून पुढे जातो.

त्या 41 जणांतले आमच्या माहितीप्रमाणे तेरा जण वारले आहेत. ही गोष्ट मी गळा काढून सांगत नाही. नोकरीत असताना दरवर्षी शाळेचे जुने विद्यार्थी यायचे, दाखला मागायचे. मी जनरल रजिस्टर उघडायचो. नाव, आईचं नाव, जात, जन्मगाव, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. त्या शेवटच्या रकान्यात किती जगणं असायचं! ‘वडिलांची बदली’. ‘कामधंद्यासाठी मुंबईस’. ‘सतत गैरहजर’. एका गावातून गिरणीसाठी किती पोरं गेली, धरणात गाव गेल्यावर शाळा कितीजणांनी सोडली, मुली कोणत्या इयत्तेपर्यंत टिकल्या, हे सगळं त्या रकान्यात उभं असतं. कुठलाही अभ्यासक ते वाचून गावाचा इतिहास मांडू शकेल.

आपण मात्र त्या रजिस्टरकडे वळतो ते दाखल्यापुरते. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा गावोगावच्या शाळांची जुनी रजिस्टरं कपाटातून बाहेर आली, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. एका जुन्या ओळीत एका घराचं भवितव्य असू शकतं, हे तेव्हा महाराष्ट्राला कळलं. पण नोंद सापडली, प्रत घेतली, की रजिस्टर पुन्हा दमट खोलीत. माझ्या डोळ्यांदेखत एका शाळेतले जुने हजेरीपट रद्दीत गेले. दोन गाठोडी होती. मी विरोध केला, पण नियमात मुदत संपली होती. मी तेव्हा आणखी जोर लावायला हवा होता, असं आजही वाटतं. पोकरणच्या अंगणात मी वही घेऊन बसलो, त्यामागे ती दोन गाठोडीही आहेत.

आज महाराष्ट्रात दहावीच्या बॅचचे स्नेहमेळावे जोरात होतात. 1980 ची बॅच, 1992 ची बॅच. शिक्षकांचा सत्कार, फोटो, जेवण, जुनी गाणी. हे मेळावे मला मनापासून आवडतात. चाळीस वर्षांनी भेटलेली माणसं एकमेकांना ‘अरे-तुरे’ करतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते दुसऱ्या कशाने येत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे, की त्या दिवसातला एक तास हजेरीला द्यावा. हजेरी क्रमांकाने एकेक नाव घ्यावं आणि त्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात. तेव्हा घरी काय धंदा होता. पाणी कुठून यायचं. शाळा का सोडली. आज कुठे आहे. वारलेल्यांचं नाव गाळू नये. ज्याच्याशी भांडण होतं त्याचंही गाळू नये. शिक्षण अर्धं राहिलेल्यांना शोधून आणावं, कारण मेळाव्याला बहुधा तेच येत नाहीत आणि गावात मागे राहिलेले असतात तेच. मुलींची नावं शोधायचं काम मुलींकडे सोपवावं. झालेल्या वहीची एक प्रत शाळेला द्यावी, एक गावच्या वाचनालयाला.

कुणी म्हणेल, माणसांच्या आठवणी चुकतात, तो इतिहास कसा होईल? चुकतात हे खरं. 1974 च्या सकाळी माठातलं पाणी हललं की नाही, यावर आमच्यात एकमत झालं नाही. पण उद्या कुणी अभ्यासक आला तर त्याच्यापुढे सहा साक्षी असतील. ताडून बघायला काहीतरी लागतं. काहीच लिहिलेलं नसेल तर चूक काढायलाही जागा उरत नाही. दुसरा एक आक्षेप अधिक खरा आहे. लोकांना आपली गरिबी, आपला अपमान, घरातली दुःखं चारचौघांत नको असतात. म्हणून ज्याचं त्याला विचारून लिहावं, वाचून दाखवावं, नको म्हटलं तर खोडावं. याच कारणाने या लेखात मी एकाही सोबत्याचं नाव दिलेलं नाही. नावं वहीत आहेत आणि वही पोकरणला आहे.

ज्याच्या अंगणात आम्ही बसलो तो कुंभार मित्र आठवीनंतर चाकावर बसला तो आजही बसतो. जवळच्या रिणातली (सखल सपाट मैदानातली) माती, तीच तांबूस भांडी, त्यांवरची तीच नक्षी. 2018 मध्ये पोकरणच्या या मातीकामाला भौगोलिक मानांकन मिळालं, 2020 मध्ये खादी आयोगाने गावातल्या कुंभार कुटुंबांना विजेवर चालणारी चाकं दिली. बाजार थोडा वाढला आहे, पण त्याचा मुलगा जोधपूरला नोकरी करतो आणि नातू शहरातच शिकतो. मी त्याला विचारलं, तुझ्या मागे हे कोण करणार? तो म्हणाला, “भायला, करणारा येईल की नाही ते रामसा पीर जाणे. पण माती कुठली घ्यायची, कुठली नाही, हे तू लिहून घे.” मग त्याने मला तासभर मातीबद्दल सांगितलं. कुठल्या बाजूची घ्यायची, किती भिजवायची, राख किती घालायची, आवा कसा रचायचा. सात पानं भरली.

निघताना स्टेशनवर सगळे आले. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला गेलं. केबिनमनचा मुलगा, आता रेल्वेतून निवृत्त, इंजिनाकडे पूर्वीसारखाच टक लावून बघत होता. मेघवाळ मित्राने वही मागून घेतली. म्हणाला, “इथं राहू दे. अठरावी सापडली की लिहीन.”

मार्चच्या अखेरीस त्याचा फोन आला. अठराव्या नंबरची मुलगी फलोदीजवळच्या एका खेड्यात आहे. नातवंडं आहेत. कुंभाराच्या बायकोने धाडलेला निरोप माहेरच्या एका म्हाताऱ्या शेजारणीमार्फत तिच्यापर्यंत पोचला. तिने फोनवर आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आणि वर्गात आपल्या पुढे आणि मागे कोणते नंबर होते तेही सांगितलं. मागचा, म्हणजे एकोणिसावा, आम्ही चुकीचा लिहिला होता. तो तिने दुरुस्त केला.

तुमच्या बॅचचा मेळावा येत्या दिवाळीत किंवा मे महिन्यात असेल. जाताना एक शंभर पानी वही न्या. हजेरी क्रमांक एकपासून सुरू करा, आणि जो नंबर आठवणार नाही त्याची ओळ कोरी ठेवा, गाळू नका.